बेलाचे शेंडे

बाबांनी मला न विचारता माझ्या रोपांना हात लावला, त्याला आता तीस वर्षं होत आली. माझा राग काही गेलेला नाही.

नव्वदच्या दशकात मी बनारसला वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करत होते. घर दशाश्वमेधजवळच्या गल्लीत. बाबा महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची पूजा सांगत. विद्यापीठात जागा मिळेना, म्हणून बेलाची रोपं मी आमच्या गच्चीवर कुंड्यांत वाढवली. माकडांसाठी जाळी लावली. बाबांसाठी कुलूप लावायला हवं होतं.

शेंड्यात तयार होणारं संप्रेरक खोडातून खाली उतरतं आणि सालीखाली नवं लाकूड तयार करवतं. किती, ते मला मोजायचं होतं. एका रांगेचे शेंडे छाटून जखमेवर नुसतं मलम लावलं. दुसरीला मलमात संप्रेरक कालवून लावलं. तिसरी जशीच्या तशी ठेवली, तुलनेसाठी. ती नसेल तर उरलेल्या दोन्ही कवडीमोल.

मलम कशाचं, असं बाबांनी विचारलं तेव्हा मी मूर्खासारखी सांगून बसले, "मेंढीच्या लोकरीतल्या चरबीचं." ते "शिव शिव" म्हणाले.

श्रावणात एका सोमवारी घरी आले, तर तिसरी रांग बोडकी. कोवळी पानं शेंड्यांसकट खुडलेली.

"हीच का?" मी किंचाळले.

"बाजारात पत्ती सगळी किडकी. आणि चरबी लागलेलं देवाला कसं वाहू? ही रांग शुद्ध होती. बाकीच्यांना बोटसुद्धा लावलं नाही गं."

"दीड वर्ष वाढवलीत मी ती!"

"फुटतील की पुन्हा. तुझ्याच थेसिसला यश यावं म्हणून वाहिला बेल."

हेतू वाईट असता तर भांडून मोकळी झाले असते. त्यांचं पुण्य झालं आणि माझं काम पाण्यात गेलं. रोपं फुटली खरी, पण एकेका खोडाला तीन-तीन फांद्या. शेंडा गेला की असंच होतं. गाईडनी सगळं बियांपासून पुन्हा करायला लावलं.

प्रबंध उशिरा का होईना, झाला. आभाराच्या पानावर गाईड होते, आई होती, कुंड्या वाहून आणणारा हमालही होता. बाबांनी इंग्रजी अक्षरांवर बोट फिरवत ते पान दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वरून सुरुवात केली, तेव्हा मी प्रबंध त्यांच्या हातातून काढून घेतला.