मुक्कामी गाडीची भाकर

मुक्कामी एसटी आमच्या गावात पहिल्यांदा आली, त्या संध्याकाळी तिच्या काचेवर इतका गुलाल आणि नारळाचं पाणी सांडलं की सकाळी ड्रायव्हरला काच धुतल्याशिवाय गाडी काढता आली नाही. मी तेव्हा दहावीत होते आणि तो चिकटपणा मला मंगल वाटला होता. आता नारळाच्या त्या आंबूस वासाची आठवणही नकोशी वाटते.

अमडापूरहून खामगावला जाणाऱ्या रस्त्यावर आमचा फाटा आहे आणि गाव तिथून चार किलोमीटर आत. फाट्यावर नऊच्या आधी खामगावकडे जाणारी दुसरी गाडी थांबत नसे. खामगावातलं कॉलेज आठला भरे. मुक्कामी गाडी मात्र साडेसहाला गावातून निघायची. विज्ञान शाखेचा अर्ज मी भरला तो या गाडीच्या जोरावर. माझ्या वर्गातली शेजारच्या घरची मुलगीही त्याच बळावर माझ्यासोबत येऊ लागली. गाडी गेली तर आमची बारावी जाणार, हे आम्हा दोघींना पहिल्या दिवसापासून स्पष्ट होतं.

ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या देवळात झोपत. त्यांचं रात्रीचं जेवण गावानं पाळीपाळीनं द्यायचं, असं पहिल्याच आठवड्यात ठरलं. या आतिथ्याचा मला अभिमान होता. त्याचा परिणाम लक्षात यायला महिना लागला.

आमच्या गल्लीतले एक काका सकाळी गाडीत चढले. कंडक्टरनं तिकिटाचं मशीन पुढे केलं, तसे ते पाठीमागच्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "काऊन हो भाऊ? रात्री माह्या घरचं पिठलं गोड लागलं, आन् सकाळी मलेच तिकीट मांगून राह्यले?"

गाडी हसली. कंडक्टरही कसनुसा हसला आणि मशीन खाली आलं. त्यानंतर ते फाट्यापर्यंत कोणासमोर वर गेलं नाही. ज्यांनी जेवू घातलं त्यांना मागायचं नाही, आणि ज्यांची पाळी अजून यायची होती त्यांना कसं मागायचं? पंचवीस-तीस माणसं फाट्यापर्यंत तशीच जात, खिडकीतून तंबाखूचा खर्रा थुंकत, गाडीच्या कुशीवर लाल ओघळ सोडत. फाट्यावर उतरून हीच माणसं चिखलीच्या काळीपिवळीत कोंबून बसत आणि तिथे न मागता पैसे काढून देत. त्या जीपवाल्यानं कोणाची भाकर खाल्ली नव्हती.

बारावीच्या दिवाळीनंतर कंडक्टरनंच सांगितलं, प्रवासी नाहीत म्हणून गाडी बंद होणार आहे. पारावर सगळे चकित झाले. "प्रवासी नाहीत? गाडीत पाय ठेवाले जागा नसते!" काका ओरडले. त्यांचं आश्चर्य खरं होतं, आणि म्हणूनच ते मला जास्त ओंगळ वाटलं.

मी दोन आठवडे निरीक्षण केलं. फिजिक्सच्या जर्नलच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले: फाट्यापर्यंत बसलेली माणसं आणि फाडलेली तिकिटं. निष्कर्षात शंकेला जागा नव्हती. गाडी भरलेली होती. कागदावर ती रिकामी होती. गाडी चालू ठेवा म्हणून गाव आगाराला अर्ज देणार होतं; हे पान त्याला जोडायचं, असं मी बाबांना सांगितलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"आकडे खरे हायेत?"

"हो."

"मंग हे दिलं की त्या कंडक्टरची नोकरी जाईन. आपल्या घरी जेवला तो, बाई."

"म्हणूनच तर गाडी बंद होतेय ना, बाबा!"

त्यांचं बोट एका रेघेवर थांबलं. आमच्या पाळीनंतरच्या सकाळी बसलेल्या माणसांच्या रकान्यात एक रेघ त्यांचीही होती. ती मी ओढली होती, आणि त्यांनी ओळखली होती.

पान मी जोडलं नाही. त्या कंडक्टरनं माझ्या अकरावीच्या परीक्षेच्या दिवशी गाडी पाच मिनिटं थांबवून ठेवली होती. आकड्यांशिवाय गेलेल्या अर्जात 'ग्रामस्थांचा उदंड प्रतिसाद' एवढेच शब्द होते. व्हायचं तेच झालं.

शेवटच्या सकाळी पुन्हा हार, पुन्हा गुलाल, पुन्हा बंपरवर फुटलेला नारळ. मोबाईल वर करून लोक गाडीसोबत फोटो काढत होते. माझ्या हातात कपड्यांची पिशवी होती. परीक्षेपर्यंत मी खामगावात मावशीकडे राहणार होते. शेजारच्या मुलीला अशी मावशी नव्हती. ती आईच्या मागे ओवाळणीचं ताट धरून उभी होती आणि माझ्याकडे पाहत नव्हती. कोणीतरी कंडक्टरच्या हातात बांधलेली भाकर कोंबली.

ती हातात घेऊनच तो दारात उभा राहिला. "आज तरी तिकीट घ्या, बाबा हो. उद्या कोणी मांगाले येणार नाही."

"शेवटच्या दिवशी तरी सोड ना, राजा!" काका म्हणाले, आणि गाडी पुन्हा हसली. अगदी तेच हसू.

बाबा माझ्या शेजारी बसले होते. शेत फाट्याजवळच, तिथे उतरणार होते. मी हळूच म्हणाले, "बाबा, तिकीट."

"गप. लोक पाहून राह्यले."

फाट्यावर सगळे जयजयकार करत उतरले. बाबाही उतरले, मागे न पाहता. गाडीत मी, माझा पास आणि सीटवरचा गुलाल उरलो. मी कंडक्टरला म्हटलं, "गाव ते फाटा, एक फुल."

"तुझ्याजवळ तं पास हाय."

"माझं नाही."

त्यानं खिडकीतून शेताकडे वळलेल्या पाठीकडे पाहिलं. मग भाकरीचं गाठोडं सीटवर ठेवलं आणि मशीनचं बटण दाबलं. त्या सकाळच्या नोंदीत आमच्या गावातून फाट्यापर्यंत तिकीट काढून एकच माणूस गेला.