पेटीतल्या बाईची शाब्बासकी

कल्पना करा, तुम्हाला बेरीज शिकवायची आहे आणि समोर एकही मूल नाही. खिडकीत टेकवलेला फोन आहे, त्याच्या पाठीवर काळा ठिपका आहे. त्या ठिपक्याला तुम्ही विचारता, "सात आणि पाच किती?" आणि थांबता. बाहेर कोंबडा आरवतो. उत्तर येत नाही, येणारही नाही. आता पुढे काय म्हणाल?

माझी दोड्डम्मा, म्हणजे आईची थोरली बहीण हंपम्मा, रायचूरकडच्या कल्लदिन्नीत शाळेत शिकवायची. साथीमुळे शाळा बंद पडल्या त्या वर्षी मी बेंगळुरूची नोकरी लॅपटॉपमध्ये घालून तिच्याकडे राहायला आलो होतो. तिचे धडे फोनवर मीच रेकॉर्ड करायचो. प्रश्न विचारला की ती इतकी थांबायची, की मलाच अवघडल्यासारखं व्हायचं.

"दोड्डम्मा, मधली शांतता कापतो. लोक कंटाळून पुढे सरकवतात."

"सरकवू देत. उत्तर देणाऱ्याला जागा नको?"

"मग शेवटी शाब्बास तरी म्हण. सगळे म्हणतात."

"ते मी म्हणायची नाही," ती म्हणाली, आणि शेंगा सोलता सोलता तिने पंचाहत्तर सालची गोष्ट काढली.

त्या साली शाळेच्या छपरावर तारेच्या जाळीची भलीमोठी छत्री बसली. गाव तिला चाळण म्हणायचं. आभाळातल्या उपग्रहावरून चित्र यायचं, चाळणीतून गाळून ओसरीवरच्या लाकडी पेटीत उतरायचं. संध्याकाळी सगळं गाव जमायचं, सकाळी मुलांचा धडा असायचा. हंपम्माचं नाव शाळेत नव्हतं. धाकटा भाऊ तिच्या कडेवर असायचा. पण पेटी सरकारची, ओसरी सगळ्यांची. भावाला घेऊन ती पुढेच बसायची.

पेटीत एक बाई यायची. ती दिसली की सगळी पोरं उठून उभी राहायची, "नमस्कार बाई!" हंपम्माची आई रोज बजावायची, "वेणी घाल आधी. सरकारी बाईपुढे असं झिपरं जाऊ नकोस." बाई प्रश्न विचारायची, थांबायची, सरळ डोळ्यांत बघायची. पोरं बेंबीच्या देठापासून ओरडायची. मग बाई हसून म्हणायची, "शाब्बास!" हंपम्माला तोवर कुणी शाब्बास म्हटलंच नव्हतं. ज्या दिवशी शाब्बासकी मिळायची, त्या दिवशी भाऊसुद्धा हलका लागायचा.

एकदा बाईने विचारलं, "बी रुजलं की आधी काय बाहेर येतं?" बाकीची पोरं गप्प. हंपम्मा उठून ठणठणीत आवाजात म्हणाली, "पान!"

"शाब्बास!" बाई म्हणाली. "आधी मूळ बाहेर येतं."

ओसरी हसून लोळली. मागून तलवाराचा, म्हणजे गावच्या राखणदाराचा, सण्णय्या ओरडला, "हंपे, चुकलीस तरी शाब्बास! उद्या बाईला भाकरी नेऊन दे!"

हंपम्मा रडली नाही. ती थेट मल्लेशप्पा मास्तरांपुढे गेली. "मास्तर, मी पान म्हणाले. मग शाब्बास कुणाला?"

"अगं वेडे, तिला कुठलं ऐकू येतंय? ती कधीचं बोलून मोकळी झालीय."

"म्हणजे आधीच्या शाब्बासक्यासुद्धा माझ्या नव्हत्या?"

दुसऱ्या दिवसापासून हंपम्मा यायची बंद झाली. आई म्हणाली, "बरंच झालं, पोराला ऊन लागत नाही." धडा चालू असताना पेटीचा आवाज घरापर्यंत यायचा. ती कणगीमागे जाऊन बसायची.

काही दिवसांनी मास्तर दारात आले. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "हंपम्मा, पेटीतली बाई बहिरी आहे. मी नाही. ये."

"पोराला कोण बघंल?" आईने विचारलं.

"घेऊन येऊ दे की. तोही दोन अक्षरं ऐकेल."

ती गेली. बाईने प्रश्न विचारला, आणि मास्तरांनी पेटीचं बटण फिरवून आवाज बंद केला. चित्रातली बाई मुकी झाली, ओठ तेवढे हलत राहिले. मास्तर वळले. "हंपम्मा, तू सांग." तिने सांगितलं. "चूक. पुन्हा विचार कर." तिने पुन्हा सांगितलं. तेव्हा मास्तर म्हणाले, "आता शाब्बास." पुढचा अर्धा धडा बुडाला, पण तक्रार कुणी केली नाही. त्याच आठवड्यात मास्तरांनी तिचं नाव शाळेत घातलं, भावासकट.

वर्षभराने उपग्रह दुसरीकडे गेला. पेटीत नुसती खरखर उरली. तरी पोरं कितीतरी सकाळी वेण्या घालून ओसरीवर येऊन बसत, असं सांगताना दोड्डम्माचा हात शेंगांत थांबला होता.

मी धड्यातली शांतता कापली नाही. संध्याकाळी ती एकेका घरी फोन लावायची. "हां यंकोबा, आता सांग, सात आणि पाच? ...बोटं मोजतोयस ना? मोज, मी थांबते."

आता ती निवृत्त झाली आहे. मी शिकवणीचंच अ‍ॅप बनवतो, म्हणून माझ्याकडे सगळी उत्तरं असतात असा तिचा समज आहे. परवा जेवताना तिने मला विचारलं,

"ती बाई आमच्यासाठी एवढी थांबायची. पलीकडे आम्ही घसा फोडून उत्तरं देत होतो, हे तिला कधी कुणी सांगितलं असेल का रे?"