हलक्या कचऱ्याचा अंदाज

"पोरगी आकाशातला कचरा मोजून राहिली म्हणे," संत्र्याच्या झाडाआडून पांढुर्ण्याचा व्यापारी म्हणाला. काका हसले. "मोजू द्या न. लग्न झालं का घरचा झाडंल."

मी मागेच चहाचा थर्मास घेऊन उभी होते. व्यापारी तिगावजवळचा आमचा बगीचा बघायला आला होता. फळ हिरवं असतानाच काका झाडांवरून नजर फिरवतात, माल किती निघेल ते ठरवतात आणि शब्द देतात. दिलेला शब्द त्यांनी मागे घेतल्याचं मी कधी पाहिलं नाही.

माझं कामही अंदाजाचंच. उपग्रहांवरून सुटलेले, मिठाईवरच्या वर्खासारखे पातळ पापुद्रे पृथ्वीभोवती फिरत राहतात. जड तुकडा उद्या कुठे असेल ते बऱ्यापैकी सांगता येतं. पापुद्र्याला मात्र नुसतं ऊनही ढकलतं, आणि गिरक्या घेताना तो कोणती बाजू उन्हाकडे करेल ते कळत नाही. म्हणून दुर्बिणीत तो पुन्हा दिसला की जुना अंदाज मोडायचा आणि नवा मांडायचा. नागपूरला एमएस्सी करताना मी हे शिकले. पुढच्या संशोधनासाठी बंगळुरूला जागा मिळाली होती. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे हे घरी मराठीत नीट सांगणं मला जमलं नाही. 'कचरा' एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

मी पुढे गेले तेव्हा व्यापारी बाबांना म्हणत होता, "मास्तर, मंग बगीचाही आमचा, पोरगीही आमची. पोराला आजच सांगतो."

"दादानं शब्द देला, मंग झालं," बाबा काकांकडे बघत म्हणाले.

सौसरच्या शाळेत बाबा मुलांकडून कारण ऐकल्याशिवाय उत्तर बरोबर धरत नाहीत. इथे त्यांनी काहीच विचारलं नाही. खाली गळून पडलेलं एक कच्चं फळ ते बुटाने इकडून तिकडे ढकलत राहिले.

एकाच फेरीत दोन्ही सौदे झाले होते. बगीचा निदान फांद्या बाजूला करून पाहिला होता.

"काहून अशी उभी? चहा दे न," काका मला म्हणाले. "चांगलं घर आहे, सुखात राहशीन. माहा अंदाज चुकत नाही."

माझा सारखा चुकतो. चुकला की कबूल करून दुरुस्त करायचा, हेच तर मी शिकले होते. मी कागदी कप भरले, तिघांना दिले.

"काका, बगीचा तुमचा आहे, त्याचा शब्द पाळा," मी म्हणाले. "माझा देला तो आताच वापस घ्या. यांच्यासमोरच. मी बंगळुरूला चालली."