झेंडूची झालर

आमचा मामा शिंपी. टेपने मोजल्याशिवाय तो खिळासुद्धा ठोकत नाही. गच्चीवर त्याची टोमॅटोची बारा रोपं होती, पण पानाला बोट लागलं की पांढऱ्या माश्या पीठ उडाल्यासारख्या उठायच्या. फवारे मारून मामा मेटाकुटीला आला होता. तेवढ्यात झगा सैल करून घ्यायला आलेली रोपवाटिकेतली बाई म्हणाली, "भोवती झेंडू लावा. त्याचा वास माशीला सोसत नाही."

झालं! मामानं वीत-वीत अंतर मोजून कुंड्यांना झेंडूची झालर लावली. झालर हा त्याचाच शब्द. शेवटी झेंडूच कमी पडला आणि कोपऱ्यातली बारावी कुंडी झालरीबाहेर राहिली.

महिन्याभरानं दुकान उघडं टाकून मामा ओरडत सुटला, "अगं, वर चल! सगळे वर चला!" मामीसकट आम्ही सगळे धावलो. पिवळ्याधमक झेंडूच्या आत अकरा रोपं हिरवीगार, औषधालाही माशी नाही! मामा नाचायचाच काय तो बाकी होता. बारावं रोप मात्र माश्यांनी पांढरंफटक. "हा बघा पुरावा!" मामा म्हणाला.

"ती कुंडी माझी आहे," मामी कडाडली. "जगाचे कपडे बेतता आणि घरच्यांनाच झालर कमी पडते! माझ्या पोलक्याचं कापड दोन वर्षं मशीनखाली पडलंय."

मामाचा चेहरा पडला. मग गळ्यातली टेप काढत तो म्हणाला, "सरळ उभी राहा बघू."