जाळ्यावरचे दगड

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवाला तर — ते पुढे येईलच. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही दाभोळचे नाही, उद्या जेटीवर समोर येणार नाही, म्हणून असेल.

माझी लेक तनू. आता नववीत आहे, शांत, शहाणी. पण लहानपणी? आजीच्या चपलेत नांग्या उगारलेली जिवंत कुर्ली ठेवायची आणि दाराआडून बघत बसायची! एकदा कानफाट्या नाव पडलं की पडतंच. वाडीत काही सांडलं, मोडलं, हरवलं की आधी तिच्या नावाने हाक. मी तिला जवळ घेऊन समजवायची — चूक झाली तर झाली म्हण, पण खोटं बोलू नको, खोटं मला खपत नाही. हो, हे मीच म्हणायची. रोज म्हणायची.

ती पहिलीत होती. शिमग्याचे दिवस, दुसऱ्या दिवशी ग्रामदेवीची पालखी आमच्या अंगणात यायची होती. मुंबईहून नणंद येणार म्हणून सासूबाईंनी चांगले मोठे बांगडे निवडून, मीठ लावून वाळत घातले होते. सुकत्या मासळीवर आम्ही जुनं जाळं पसरतो आणि कडेने दगड ठेवतो, नाहीतर कुत्री-कावळे काही शिल्लक ठेवत नाहीत. तनूने भातुकलीची चूल मांडायला ते दगड पूर्वी पळवले होते. एकदा. फार तर दोनदा.

त्या दुपारी कुत्र्यांचा आवाज आला म्हणून आम्ही बाहेर धावलो. जाळं एका बाजूने उघडं, बांगडे अंगणभर, अर्धे खाल्लेले, अर्धे मातीत. सासूबाई मातीतले बांगडे वेचायला वाकल्या. "दगड कोणी काढलेन गो?"

मी म्हटलं, "तनूने. दुसरं कोण?"

किती सहज म्हटलं मी! तनू आंब्याखाली खेळत होती. तिला हाताला धरून आणली. "मी नाय काढले, आई," म्हणाली. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मग मी तिला मारलं — दगड काढल्याबद्दल नाही. खोटं बोलल्याबद्दल.

एवढ्यावर थांबले असते तरी... पण थांबले नाही. दुसऱ्या दिवशी पालखी आली, ओटी भरून झाली, मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, सगळे "व्हय महाराजा" म्हणाले. मी तनूला पुढे ढकललं. देवीसमोर कबूल कर म्हटलं. तिने आधी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग हात जोडून म्हणाली, "मी दगड काढले. परत नाय काढणार." माणसं कौतुकाने हसली. कुणीतरी म्हणालं, लेकराला चांगलं वळण लावलंस गो. आणि मी — मी पदर सावरून देवीला नमस्कार केला.

दगड मी काढले होते. बांगडे उलटायला जाळं उचललं, तेवढ्यात फोन वाजला. नवरा बोटीवर, रेंज आली की फोन करायचा. बोलत बोलत आत गेले, आणि दगड तसेच अंगणात राहिले. सासूबाईंनी विचारलं तेव्हाच मला आठवलं होतं. आधी आठवलं, मग मी तनूचं नाव घेतलं. काय झालं असतं मोठंसं? सासूबाई चार शब्द बोलल्या असत्या आणि संध्याकाळी त्यांनीच मला चहा ओतून दिला असता. त्या चार शब्दांना मी भ्यायले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरच फाशी देत होता.

पुढे तनूच्या खोड्या थांबल्या. वाडीत माझं नाव झालं. मला लाज वाटायची, पण ते कौतुक मी घेतलं.

यंदाच्या शिमग्यात नणंदेच्या धाकट्याने काहीतरी फोडलं आणि कबूल होईना. मी ओट्यावर मासे कापत होते. तनूने त्याला शेजारी बसवलं. म्हणाली, "मी पण लहानपणी खोटं बोललेले. जाळ्यावरचे दगड काढले नि नाय म्हटलं. तिकडे आंब्याखाली चूल मांडलेली, एक दगड तर काळा होता." ती आठवून आठवून सांगत होती. जे झालंच नाही ते तिला आठवत होतं, दगडाच्या रंगासकट.

"आईने सत्य बोलायला शिकवलं मला," म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "व्हय ना गो आई?"

मी व्हय म्हटलं.