शिवणवालीचा मंगळवार

कपडे अल्टर करून देणाऱ्या त्या बाईचं दुकान म्हणजे एक मशीन, एक इस्त्री आणि उभं राहायला दीड माणसाची जागा. वरच्या मजल्यावर एका प्रकाशकाचं कार्यालय होतं. वर्षानुवर्षं त्याच्या पँटी आखूड करून दिल्यावर एकदा धीर करून ती स्वतःच्या गोष्टी घेऊन जिना चढली.

प्रकाशकाने चार पानं वाचली. "मावशी, लिहिता झकास. पण तुम्हाला ओळखतं कोण? आधी वाचक जमवा, मग पुस्तकाचं बोलू."

दुकानात मदतीला बसणारी मोठी जाऊ हसली. "गिऱ्हाईक धड टिकत नाही, नि निघाली वाचक जमवायला!"

तिच्या तोंडात टाचण्या होत्या. पण बोचले ते शब्दच. त्या दिवसापासून इस्त्री तापेपर्यंत ती फोनवर एक छोटीशी गोष्ट लिहून टाकू लागली. दुकानात आलेल्या कपड्याचीच, पण माणूस ओळखू येणार नाही इतकी फिरवून. सुरुवातीला वाचणारी एकटी भाची. मग भाचीच्या मैत्रिणी, त्यांच्या आया, कुठले कुठले अनोळखी लोक. आलेल्या प्रत्येकाला उत्तर द्यायचं ही दुकानाची शिस्त. तीच तिने फोनवरही पाळली.

एकदा खिसा शिवून बंद केलेल्या कोटाची गोष्ट तिने अर्ध्यावर सोडली. इस्त्री तापली होती ना! लोकांनी धोशा लावला, "पुढचं कधी कळणार?" हात कामात, मन कामात, सवयीने तिने सगळ्यांना एकच उत्तर लिहिलं, "मंगळवारी या."

शिवणवाल्यांचा मंगळवार कधी उगवत नाही, हे गिऱ्हाइकांना पक्कं ठाऊक असतं. वाचकांना कुठलं ठाऊक असायला? आणि दुकानाची पाटी, पत्त्यासकट, फोनवर तिच्या नावाशेजारी लावलेल्या फोटोत दिसतच होती.

मंगळवारी तिने शटर वर केलं, तर बाहेर माणसंच माणसं. जिन्यावरसुद्धा.

"अगं बाई! तुम्ही सगळे इथे कसे?"

"तुम्हीच बोलावलंत की," एक आजोबा म्हणाले. "आधी त्या कोटाचं सांगा."

पदर खोचून ती स्टुलावर चढली आणि सांगू लागली. सिगारेट सुटावी म्हणून एका माणसाने स्वतःच तो खिसा शिवला होता. तो वारल्यावर मुलाने तो खिसा उसवायला कोट आणला. मी कात्री लावणार तेवढ्यात तो म्हणाला, "राहू दे तसाच. असाच घालेन."

आजोबांनी चष्मा पुसला.

"अहो, वाट द्या! मला वर जायचंय," मागून प्रकाशक ओरडला.

"रांग तिकडून आहे," जाऊ कडाडली. "आमच्या लेखिकाबाई बोलतायत, दिसत नाही?"

प्रकाशकाने गर्दीकडे पाहिलं, मग स्टुलावरच्या बाईकडे. "मावशी, पुस्तकाचा मजकूर कधी देता?"

तिने तोंड उघडायच्या आत अख्खा जिना ओरडला, "मंगळवारी या!"

ती हसत सुटली. पण सोमवारी सकाळीच वर जाऊन तिने सगळ्या गोष्टी त्याच्या टेबलावर ठेवल्या. वेळेआधी माल दिल्याची तिच्या धंद्यातली ती पहिलीच वेळ.