डोकं नव्हे, दाढ

डॉ. अनंत देवधर गेल्याचा फोन आला तेव्हा मी मैदानावर होते आणि माझ्याकडे शिकणाऱ्या मुली पळत होत्या. माझा चेहरा बघून एकीने विचारलं, “ताई, सराव थांबवायचा का?” नको म्हटलं. सराव बुडवून कुणी रडत बसलेलं डॉक्टरांना खपलं नसतं. आता महिना उलटलाय, म्हणून लिहायला बसले.

नाशिकच्या आम्हा लांब पल्ल्याच्या धावपटूंचे ते डॉक्टर. स्वभावाने तिरसट. स्वतः तर्रीदार मिसळ ओरपत आम्हाला तेलकट खाऊ नका म्हणून बजावायचे. पाय दुखतो म्हणून जावं, तर पायाकडे बघायचेही नाहीत. “पाय राहू दे. झोप कशी आहे? पोट? दात? पाळी?” मी सुरगाण्याहून नवीनच आलेली, मान खाली घालून बसायची. पळणारीच्या दातांशी यांना काय करायचंय, असं वाटायचं.

ते कळलं राज्य स्पर्धेनंतर. दहा हजार मीटरच्या शर्यतीत शेवटच्या फेरीची घंटा वाजायच्या आधीच, हीच शेवटची असं समजून मी सुसाट सुटले. रेषेवर हात वर करून थांबले, आणि बाकीच्या मुली शेजारून पुढे निघून गेल्या... त्यांची एक फेरी बाकी होती, माझीही होती. लोक हसले. त्याआधी बरेच दिवस माझी चिडचिड होत होती, झोप लागत नव्हती, वेगाचा अंदाज चुकत होता. आमच्या प्रशिक्षक सरांनी निकाल देऊन टाकला, “पाय चांगले आहेत, डोकं कच्चं आहे.” मोठ्या शिबिरासाठी माझं नाव पाठवायचं नाही, असं जवळजवळ ठरलं होतं. ते शिबिर सुटलं असतं तर माझं पळणं तिथेच संपून मी गावाकडे शेतात नागली लावायला परतले असते.

झोप लागत नाही म्हणून डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनी मला तोंड उघडायला लावलं. दाढेच्या मुळाशी पू झाला होता. दुखतंय म्हटलं तर सराव बंद करतील, या भीतीने मी लवंग दाबून दिवस काढत होते. डॉक्टरांनी सरांना बोलावून घेतलं. “हिचं डोकं नव्हे, दाढ बघा. अंगात अशी सूज धुमसत राहिली की मेंदूला निरोप जातो, पडून राहा म्हणून. आणि तुम्ही त्याच मेंदूला पळता पळता फेऱ्या मोजायला लावताय.” सर म्हणाले, “म्हणजे सगळंच सुजेवर ढकलायचं?” डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, “नाही. सरावानंतर थोडी सूज येणारच, त्यानेच अंग घडतं. आणि माणूस कधी खरोखर घाबरतोही. पण आधी शरीर तपासा, मग मनाला नावं ठेवा. शिबिराच्या निवड चाचणीपर्यंत थांबा.”

सर थांबले. दाढ काढली, औषधं झाली, सक्तीची विश्रांती झाली. झोप परत आली, सगळ्यांवर खेकसणं थांबलं. चाचणीत मी शेवटची फेरी बरोबर ओळखली आणि शिबिराला गेले. डॉक्टरांवर माझा फार जीव होता. हे त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, ताप आलाय का बघू.

गेल्या आठवड्यात माझ्याकडची एक मुलगी सरावात सारखी चुकायला लागली. वेग चुकतोय, सांगितलेलं डोक्यात राहत नाही, बोललं की डोळे भरतात. मी तिला स्कूटरवर बसवलं आणि सवयीने थेट गंगापूर रोडला, डॉक्टरांच्या दवाखान्याशी नेलं. दाराचं कुलूप बघितलं तेव्हा भान आलं... तिथेच पायरीवर बसून मी रडले. ती बिचारी बावरून शेजारी बसली.

“ताई, मी मुद्दाम नाय करत. घोटा लय ठणकतो. सांगितलं तर काढाल ना मला?”

“नाही काढणार,” म्हटलं. मग डोळे पुसले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दुसऱ्या डॉक्टरचा नंबर शोधायला लागले.